औषध प्यालेला कोळसा

१२ फेब्रुवारी २०२४

आज ओकारी आली ती मोसंबीनं. कुणाला सांगितलं तर हसंल. किनवटला आमच्या घरात मोसंबी फक्त दुखणाईताला मिळायची, आणि इथं मी तिच्या सालांच्या ढिगात गुडघ्याएवढा उभा असतो. शहरातल्या रसाच्या गाड्यांवरून गोण्या भरून येतात. कालची साल बरी असते. चार दिवसांची हातात घेतली की बोटं आत रुततात आणि खालून अळ्या निघतात. पांढऱ्या, गुबगुबीत, खाऊन-पिऊन सुखी.

ही डायरी त्याच गोणीत सापडली. कुठल्या तरी सिमेंट कंपनीची, जुन्या सालची. पहिली पानं रसानं चिकटून बसली होती, ती फाडून टाकली. सातवीनंतर मी पेन धरला तो इथंच, भट्टी कधी पेटवली कधी विझवली ते लिहायला. हात दुखतो. पण इथं बोलायला कोण आहे?

परळीला वीटभट्टी केली, पुण्यात हॉटेलात भांडी घासली, सुरतेला साड्यांच्या रंगात हात घातले. कुठंच वर्ष काढलं नाही. आई फोनवर म्हणती, तुझ्या पायाला भोवरा आहे. भोवरा असता तर एका जागी तरी फिरला असता.

काम असं. सालं उन्हात वाळवायची, झाकणाच्या लोखंडी पिंपात कोंबायची आणि पिंपाला बाहेरून जाळ घालायचा. आत हवा नाही, म्हणून राख होत नाही, कोळसा होतो. तो चाळून निळ्या टाक्यांत भरायचा आणि वरून नाल्याचं पाणी सोडायचं. खालून जे पाणी येतं ते हिमानी मॅडम बाटल्यांत भरून कॉलेजात नेतात. मॅडम पीएचडी करतात. मला "तुम्ही" म्हणतात. जन्मात मला तुम्ही म्हणणारं हे पहिलं माणूस भेटलं, ते पण मी अळ्यांत उभा असताना.

भट्टी मुबारकभाईंनी बनवली. वेल्डिंगवाले, पन्नाशीचे, दाढीला मेंदी. मला ओकताना बघून म्हणाले, "होता होता, मियाँ. मेरेकू बी होता था. अब मेरी नाक निकाह करके बैठी इस बास के साथ."

१९ फेब्रुवारी

नाल्याला एक रंग नाही. सकाळी चहासारखा, दुपारी निळसर, संध्याकाळी त्यावर फेस येतो आणि तो फेस वाऱ्यानं उडून रस्त्यावरच्या गाड्यांवर बसतो. त्याच नाल्याच्या काठाला बारा मजली इमारत उठतीये. बोर्डावर लिहिलंय, नदीकाठचं निवांत जीवन. चित्रात बदकं पण आहेत.

मॅडमनं आज सांगितलं की या पाण्यात औषध आहे. जखम भरायच्या, ताप उतरवायच्या गोळ्या असतात, त्यातलं. कारखान्यांतून येतं, दवाखान्यांतून येतं, कोंबड्यांच्या शेडमधून येतं, आणि आपण गोळी खाल्ली की आपल्या लघवीतून पण येतं. आपला कोळसा ते औषध पिऊन घेतो आणि पाणी पुढं जातं.

मी विचारलं, मग हे पाणी पिणारा माणूस आजारी पडायला नको. मॅडम हसल्या नाहीत. म्हणल्या, उलटं आहे, रामकिसन. पुढं जंतूंचं काहीतरी सांगत होत्या, तेवढ्यात मुबारकभाईंनी झाकण उतरवायला हाक मारली आणि ऐकायचं राहिलं.

३ मार्च

सरूमावशीकडं जेवण लावलं. नाल्याच्या पलीकडं वस्ती आहे, तिथं दोन खोल्या. नवरा नाही, पोरगा धोंडिबा पाण्याचा टँकर चालवतो. मावशीच्या गळ्यात तुळशीची माळ. पहिल्याच दिवशी विचारलं, खातोस का? म्हटलं, खातो. म्हणली, बाहेर खाऊन आलास की आंघोळ केल्याबिगर उंबऱ्यात पाय ठेवायचा नाय. आणि तसाही आंघोळ करूनच येत जा, सडकी मोसंबी दारात आल्यासारखी वाटती.

तोंडाची फटकळ आहे, पण भाकरी ताटात पडताना वाफ निघत असती. माझ्या आईच्या भाकरीला पण एवढी वाफ नाही, हे लिहायला नको होतं.

ती दात राखुंडीनं घासती. पेस्टीनं तिला मळमळतं. गॅस आल्यापासून चूल गेली आणि चुलीबरोबर कोळसा गेला. दुकानातल्या पुडीत खडू कालवतात म्हणून तिची रोजची कटकट. मी भट्टीच्या चाळणीखाली पडलेला बारीक चूर नेऊन दिला. तो फेकूनच द्यायचा असतो. बोटावर घेऊन तिनं तिथंच घासून बघितला.

"कशाचा हाय?"

"मोसंबीचा."

"मोसंबी खायाला कवा मिळाली नाय. आता तिच्या मढ्यानं दात घासते."

पण दुसऱ्या दिवशी ताटात जास्तीची भाकरी होती.

२४ मार्च

होळी. वस्तीत मला आता सगळे मोसंबीवाला म्हणतात. शेजारची आवडाबाई, तिची जाऊ, कोपऱ्यावरची आजी, सगळ्यांना चूर पाहिजे. डबी घेऊन येतात. माझ्या हातचं काहीतरी कुणाला पाहिजे आहे ही गोष्ट नवीन आहे. सुरतेला माझ्या हातची साडी हजारो बायांनी नेसली असंल, पण एकीनं येऊन असं मागितलं नाही. मी पण आता त्यानंच घासतो. दात चकाकतात.

आज मॅडम म्हणल्या, चूर फेकायचा नाही, त्याच्या वड्या दाबून त्या पण टाकीत भरू. ताजा कोळसा तर त्या तोलूनच घेतात, कारण किती कोळशानं किती औषध ओढलं हेच तर त्यांना बघायचं आहे. म्हणजे बायांना द्यायला काहीच उरलं नाही. आवडाबाईला सांगितलं तर म्हणली, मोठा झाला आता मोसंबीवाला.

नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. बायकांची तोंडं बघवत नाहीत.

८ एप्रिल

सालं संपली. पैठणकडच्या, अंबडकडच्या बागा वाळल्या. लोक झाडं तोडून सरपण विकतायत. ज्या रसाच्या गाड्या चालू आहेत तिथली सालं गवळी उचलून नेतात, चारा नाही म्हणून जनावरांपुढं टाकतात. मी एका गवळ्याशी गोणीसाठी भांडलो. त्यानं म्हशीकडं बोट दाखवलं. तिच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. गोणी सोडून आलो.

मॅडम आणि मुबारकभाईंचं ठरलं. आता हाडं.

१३ एप्रिल

मोसंबीला नावं ठेवली त्याची शिक्षा मिळाली.

हाडं खाटकांकडून येतात. बकऱ्याची, म्हशीची. आधी उकळायची. वर जी साय येते ती करड्या रंगाची असती आणि ती झाऱ्यानं काढायची. काढताना झाऱ्याला केस लागतात. मग वाळवायची. कुत्री कुंपणाला चिकटून दिवसभर रडतात. एक माशी बसत नाही, माशांची चादर बसती. भट्टीतून जो धूर निघतो तो कपड्यांत नाही, चामडीत जातो. मी मटण खाणारा माणूस, लग्नात नळी फोडून चोखणारा. आता कुणी नळी समोर ठेवली तर उठून जाईन.

पण कोळसा चांगला होतो म्हणे. मॅडम खूश आहेत. मोसंबीनं जे औषध सोडलं होतं ते हाडानं धरलं. मेलेलं जनावर जिवंत माणसाचं पाणी साफ करतंय, असं त्या म्हणल्या. त्यांना त्यात चांगलं काहीतरी दिसतं. मला झाऱ्याचे केस दिसतात.

आता आंघोळ दोनदा करून मगच मावशीच्या दारात जातो. तिनं नाक वर केलं. म्हणली, आज कशाचा वास येतोय? म्हटलं, रबराचा. टायर पण जाळून बघतायत. एवढं खोटं पुरलं.

१९ एप्रिल

वापरून झालेल्या कोळशाचा ढीग वाढलाय. टाकीतला कोळसा चार-पाच दिवसांत भरतो, म्हणजे त्याला अजून औषध पिववत नाही, मग तो काढायचा. तो झाकणाच्या पिंपात ठेवायचा आणि घातक कचरा नेणारी गाडी तो घेऊन जाणार. गाडी महिनाभर आलीच नाही. पिंपं भरली. आता प्लास्टिकच्या कागदावर ढीग आहे. मॅडम रोज फोन लावतात, पलीकडून रोज उद्या म्हणतात. मला म्हणल्या, हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका आणि कुणाला नेऊ देऊ नका. हातमोज्यांत हात उकडून निघतात.

मी बसल्या-बसल्या विचार केला. पाण्यातलं औषध कोळसा पितो. मग औषध आता कुठं आहे? कोळशात. जे औषध दुकानात चिठ्ठीशिवाय देत नाहीत, ते इथं ढिगानं पडलंय आणि आपण ते फेकायला गाडी बोलावतोय. शिकलेल्या माणसांचं असंच असतं. लिंबू पिळून साल ठेवतात आणि रस ओततात.

सरूमावशीची दाढ दुखतीये. काल भाकरी चहात बुडवून खाल्ली.

२० एप्रिल

ढिगातला वरचा कोळसा तीन पाण्यानं धुतला. भट्टीमागच्या माझ्या खोलीच्या पत्र्यावर वाळवला, खलबत्त्यात कुटला, फडक्यातून गाळला. काजळासारखा निघाला. मावशीला डबी भरून दिली.

म्हणली, "तोच का, मोसंबीचा?"

म्हटलं, "तोच. ह्यात औषध पण हाय. दाढेला चोळा."

आता झालं ते झालं. तुळशीची माळ आणि हाडाचा कोळसा. खोलीवर येऊन दोनदा हात धुतले. पण हाड तर जळून गेलं, कोळसा तो कोळसा. मेल्यावर माणसाची पण राखच होती आणि ती आपण नदीत घालतो, कपाळाला लावतो. असं मनाला सांगतोय. मन ऐकत नाही.

२८ एप्रिल

बातमी फुटली की मोसंबीवाल्याच्या कोळशात औषध आहे. डब्या परत सुरू. आवडाबाई म्हणली, माझ्या हिरड्यांतलं रक्त थांबलं. मला खरंच बरं वाटलं. रोज दुपारी मॅडम गेल्या की कुटत बसतो, आणि स्वतः पण त्यानंच घासतो. ताटात लोणचं पण पडायला लागलंय.

पोट पुन्हा ढिलं. या महिन्यात चौथ्यांदा. हाडांच्या वासानं असणार.

२ मे

मावशीचा गाल सुजला. म्हणली, औषध खेचून घेतंय, घाण एका जागी गोळा होतीये. जास्तीचं चोळते. मी अजून एक डबी दिली.

७ मे

सूज हनुवटीखाली उतरली. तोंड उघडत नाही. पेज गाळून चमच्यानं पाजतात. ताप आहे. वस्तीतल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या त्या संपल्या, मग इंजेक्शन दिलं, मग दुसऱ्या गोळ्या. धोंडिबा टँकर सोडून घरी बसलाय. मी शेजारी बसलो होतो. तिच्या तोंडातून जो वास येत होता तो मला ओळखीचा वाटला. नाल्यावर संध्याकाळी येतो तो. मी उठून बाहेर आलो आणि भिंतीला धरून ओकलो. मग स्वतःचीच किळस आली. जिनं मला वाढलं तिच्या तोंडाच्या वासानं मी ओकतो.

माझ्या डोक्यात एकच चालू आहे. माळेनं केलं. माळ बाटली म्हणून हे झालं.

१३ मे

सरकारी दवाखान्यात भरती केलं. रस्त्यावर सगळ्यांच्या बोटांना मतदानाची शाई, आणि मी आणि धोंडिबा तिला रिक्षात बसवून नेतोय. हनुवटीखाली चिरून घाण काढली. पाव तांब्या निघाली. सलाईनमधून औषध चालू आहे, ताप उतरत नाही. सूज गळ्याकडं सरकली तर श्वास अडकेल असं डॉक्टर म्हणले. तरुण डॉक्टर आहेत, डोळे लाल, झोप नसावी. म्हणले, जे औषध लागू पडायला पाहिजे तेच पडत नाहीये. मग आम्हाला विचारलं, घरी काय खाल्लं होतं, काय लावलं होतं, कुणाकडून कसली पुडी आणली होती का?

मावशीचे डोळे उघडे होते. माझ्याकडंच बघत होती. धोंडिबा म्हणला, राखुंडी लावते ती, जन्मापासून. डॉक्टरनं मान हलवली आणि दुसऱ्या खाटेकडं गेले.

मी बोललो नाही. हाडाचा म्हणलो असतो तर ती तिथंच गेली असती. मरणाआधी मेली असती.

१५ मे

ताप तसाच. मुबारकभाई दोन दिवस बघत होते की मी भट्टीत लाकडं घालायची सोडून विस्तवाकडं बघत बसतो. शेवटी जवळ येऊन बसले. सगळं सांगितलं. माळ, हाड, डब्या. मला वाटलं हे तरी म्हणतील की हाड जळालं म्हणजे पाक झालं. त्यांनी विस्तवातलं लाकूड मागं ओढलं. मग विचारलं, कौनसे ढेर का दिया? मी बोट दाखवलं.

ते उठलेच.

"हड्डी को छोड रे. वो नाले का पिया हुआ है. तूने उस अम्मा के मुँह में नाला घिसा. चल, मॅडम को फोन लगा."

मी म्हटलं नोकरी जाईल. ते म्हणाले, जान्दे.

मॅडम रिक्षानं आल्या. मी हाडापासून सुरुवात केली, तर मधेच थांबवलं. हाडाचं त्यांना काहीच नव्हतं. टाकी कितवी, कोळसा कधी काढला, किती घरांत गेला, एवढंच विचारत होत्या. आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. त्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलल्या. डॉक्टर माझ्याकडं बघून फक्त एवढंच म्हणले, परवा का नाही सांगितलंत? घाणीचा नमुना तपासायला दिला होताच, आता कुठली औषधं त्यावर लावून बघायची ते मॅडमनं कागदावर लिहून दिलं.

बाहेर बाकड्यावर मॅडमनं मला ते सांगितलं जे माझं फेब्रुवारीत ऐकायचं राहिलं होतं. औषध थोडं-थोडं रोज मिळालं की जंतू मरत नाहीत, निबर होतात. आमच्या कोळशावर तसलेच जंतू बसलेले. मी म्हटलं, रोज शिव्या खाणाऱ्याला शिवी लागत नाही, तसं? म्हणल्या, तसंच. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून बसल्या. म्हणल्या, ढीग उघडा पडला तेव्हाच मी काम बंद करायला पाहिजे होतं. गाडी उद्या येईल, उद्या येईल, करत राहिले.

मग विचारलं, तुम्ही पण घासत होतात? म्हटलं, रोज.  तपासणीला या म्हणल्या. मला काय धाड भरलीये? पोटाचं तर नेहमीचंच आहे.

१६ मे

सकाळी वस्तीत गेलो, डब्या परत मागायला. मॅडमनं शिकवलं होतं तसं सांगितलं, की त्यात औषध जास्त आहे, घातक आहे, द्या.

एकही डबी आली नाही. आवडाबाई दारात कंबरेवर हात ठेवून उभी.

"औषधानं कुणाचं वाटोळं झालंय व्हय? सरूची दाढ मुळातच किडलेली. आमचं तर बरं चाललंय."

म्हटलं, मॅडम म्हणतात.

"आता आलं ध्यानात. मॅडमला इकायचा आसंल. फुकटात दिला म्हणून पोटात दुखाया लागलं."

बाकीच्या हसल्या. कोपऱ्यावरच्या आजीनं माझ्यासमोर डबी उघडली, चिमूट घेतली आणि हिरडीवर चोळली. काळे दात दाखवून हसली. मी तिच्या बोटाकडं बघत होतो. मावशीचं बोट असंच असायचं.

मी जंतूंचं सांगितलं. शिवीचं सांगितलं. कुणी ऐकेना. एक बाई डबी पदराखाली घालून आत गेली. तेव्हा मला कळलं की माझ्याजवळ एकच गोष्ट आहे जिच्यानं या डब्या बाहेर येतील.

म्हटलं, "हाडाचा हाय."

आवडाबाई म्हणली, "कशाचा?"

"हाडाचा. बकऱ्याचं, म्हशीचं. खाटकाकडून येतं. मी सोता उकळतो. मोसंबी कवाच संपली."

 मग आजी खाली बसली आणि बोटं घशात घालून ओकारी काढायला लागली. आज गुरुवार, तिचा उपास. आवडाबाई माळकरी नाही, मटण खाती, पण गुरुवारी तिच्या घरात अंडं शिवत नाहीत. ती आत गेली आणि डबी घेऊन आली. मला वाटलं हातात देईल. तिनं ती माझ्या डोक्यावर उपडी केली. मग सगळ्याच आल्या. डब्या, पुड्या, कागद, बाटल्यांची टोपणं. डोळ्यांत गेला, नाकात गेला, ओठांवर बसला. एकीनं थुंकलं ते गालावरून खाली आलं आणि त्यात काळं मिसळलं. मी पुसलं नाही. मॅडमनं दिलेली पिशवी खाली धरली आणि जेवढा अंगावरून झडला तेवढा तिच्यात घेतला. मग जमिनीवरचा गोळा केला, मातीसकट.

म्हटलं, सरूमावशीला आत्ता सांगू नका. आवडाबाईची जाऊ तोपर्यंत दवाखान्याच्या वाटेला लागली होती.

१७ मे

धोंडिबानं दवाखान्याच्या दारात मला दोन थोबाडीत दिल्या. बरोबर दिल्या. आत जाऊ दिलं नाही.

भट्टीवर आलो, कपड्यांची पिशवी पाठीला लावली. बसस्टँडपर्यंत गेलो. किनवटची गाडी लागलेली होती. चढलो, बसलो, कंडक्टर यायच्या आधी उतरलो. का उतरलो माहीत नाही. ढिगाला झाकण नव्हतं.

२१ मे

तपासणी आली. दुसरं औषध सुरू केलं. मुबारकभाई विचारून आले, ताप उतरतोय. माळ तिनं स्वतः काढून धोंडिबाच्या हातात दिली, म्हणे.

घातक कचऱ्याची गाडी आली. मॅडम त्या लोकांच्या ऑफिसात जाऊन बसल्या तेव्हा आली. ढीग मी एकट्यानं भरला, हातमोजे घालून. खालच्या थराला पाणी सुटलं होतं आणि त्यात बारीक लाल किडे वळवळत होते.

३० मे

मावशी घरी आली. हनुवटीखाली व्रण, तोंड थोडं वाकडं. डॉक्टरनं सांगितलंय, तोंडात उकळलेल्या पाण्याशिवाय काही जाऊ द्यायचं नाही, जखम अजून ओली आहे.

ज्या बुवांनी तिला माळ घातली होती ते येऊन गेले. म्हणले, नकळत झालं, दोष नाही. पैठणच्या गोदेच्या पाण्यानं चूळ भर आणि माळ घाल. धोंडिबा निघाला होता कॅन घेऊन. मावशीनं आतून निरोप दिला, ज्यानं हाड घातलं त्यानंच पाणी आणावं. पंधरवड्यात तिचा माझ्यापर्यंत आलेला हा पहिला शब्द.

१ जून

सकाळच्या एसटीनं पैठणला गेलो. घाटाखाली नदी नाही, डबकी आहेत. हिरवी, जाड. वर हार, शाम्पूच्या पुड्या, कुणाच्या तरी जावळाचे केस. एक म्हैस मधोमध बसलेली. वरच्या अंगाला गटार उतरताना दिसत होतं. लोक त्यातच चूळ भरत होते, हात जोडत होते. सहा महिन्यांपूर्वी मी पण भरली असती.

कॅन भरला. एसटीत मांडीवर घेऊन बसलो. बिडकीनच्या पुढं ऊन कॅनमधून आरपार आलं तेव्हा आत बारीक काहीतरी पोहताना दिसलं. स्टँडवर उतरलो आणि गटाराच्या जाळीवर सगळं ओतून दिलं.

वस्तीच्या नळाला आज पाणी आलं होतं. रांगेत उभा राहिलो. बायकांनी मला जागा दिली नाही आणि हाकललं पण नाही. एक घागर भरली. माझ्या स्टोव्हवर उकळली, गार केली, फडक्यानं गाळली. धुतलेल्या तांब्यात घेऊन गेलो. खोटं सांगायचं ठरवूनच निघालो होतो.

मावशी बाजेवर बसली होती. दारात आवडाबाई, आजी, धोंडिबा. कुणी या म्हणलं नाही. मी उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिलो.

मावशी म्हणली, "घाटावर कुठं भरलं? पायरीपाशी का मधी?"

तिचं तोंड अजून नीट हलत नाही. शब्द एका बाजूनं येतात. मी खोटं तोंडात आणलं होतं, ते गिळलं.

म्हटलं, "तिथं भरलं व्हतं, पण ओतून दिलं. त्यात किडे व्हते. हे नळाचं हाय. मी उकळलंय."

धोंडिबा पुढं आला. मावशीनं हातानं थांबवला.  तांब्याकडं बघत राहिली. मग आवडाबाईला विचारलं, "आपल्या नळाला कुठलं येतं गं?"

"धरणाचं. नाथसागराचं. दुसरं कुठलं?"

"म्हंजी गोदावरीच."

"तळातली," आवडाबाई म्हणली. "पर गोदावरीच."

मावशीनं हात पुढं केला. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला, धोंडिबानं उचलून तिला दिला. तिनं तो नाकाशी नेला, वास घेतला, आत बघितलं. मग तो परत माझ्याकडं सारायला लावला.

"तू पी आधी."

सगळ्यांसमोर मी प्यालो. अर्धा तांब्या प्यालो.  ती माझ्या तोंडाकडं, गळ्याकडं, पोटाकडं बघत बसली. लई वेळ. पोटात गुडगुडलं तसा मी तांब्या पोटाशी धरला, हिला ऐकू जाऊ नये म्हणून.

मग तिनं उरलेला तांब्या मागून घेतला, तोंडात घोट धरला, वाकड्या गालात फिरवला आणि मोरीत थुंकला.